दुसऱ्या भागातला वाघ

मूल गावच्या आमच्या राजूनं कॉम्प्युटरवर जंगलाचा गेम बनवला होता. दुसरा भाग त्यानं मुद्दाम कठीण केला अन् सीडी पुण्याच्या एका मासिकाले पाठवली. परीक्षण येईपर्यंत गडी एका जागी बसून नाई राह्यला. शेवटी अंक आला. मीच मोठ्यानं वाचलं, “जंगल सुंदर आहे, पण वाघ मरतच नाही. दिवसभर तलवार चालवून आम्ही कंटाळलो.”

राजू उठला, बसला, पुन्हा उठला. “वाघाशी लढले काऊन? चुपचाप उभं राहाचं ना! थो आपला निंगून जाते.”

आम्ही सारे दोस्त गेममध्ये तसेच उभे राहून पार झालो होतो. तरी मी इचारलं, “मंग तलवार कायले देल्ली बे?”

“झुडपं कापाले!”