येलदरीच्या वाटेवर अडवलेल्या तीन म्हाताऱ्या

मी सत्यशीला भ्र. मुंजाजी वाव्हळे, वय अंदाजे अडुसष्ट वर्षे, धंदा पूर्वी ऊसतोड व शेतमजुरी, हल्ली काही नाही, रा. आंबेटाकळी, ता. पूर्णा, जि. परभणी. जन्मतारीख ठाऊक नाही. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्या साली मी आईच्या पोटात होते, असे आई सांगायची. त्यावरून जमादारांनी वय धरले आहे. मला अक्षर येत नाही. ठाण्यात समक्ष बसून, विचारले त्याचे आणि न विचारलेल्याचेही उत्तर देते ते असे की,

मी वरील गावी एकटी राहते. माझे पती वारले आहेत. मुलगा सिद्धोधन परभणीला एका कचेरीत कारकून आहे व तिकडेच बायको-मुलीसह राहतो. तो दर रविवारी गावी येतो, माझ्या गोळ्या संपल्या का बघतो आणि जातो. रोज फोन करतो. उन्हात जाऊ नको, विहिरीकडे जाऊ नको, ओट्यावरून उतरू नको, असे सांगतो. कुठे जावे हे मात्र सांगत नाही. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

बुद्धपौर्णिमेला माझी नात सुकेशनी सुट्टी म्हणून गावी आली. सोबत तिची मैत्रीण ज्ञानेश्वरी होती. ज्ञानेश्वरी ही ताडकळसजवळच्या दत्तराव नावाच्या शेतकऱ्याची मुलगी असून वडिलांचा भाजीचा छोटा टेम्पो चालवते. तिच्याकडे लायसन आहे, ते तिने जमादारांना दाखवले आहे. दोघींकडे पिशवीत घडी केलेला कापडी तंबू होता. त्या येलदरी धरणावर कॅम्पिंगला जाणार होत्या. ते काय असते असे मी विचारले. त्यावर सुकेशनी म्हणाली, "आजी, घर सोडून माळावर राहायचं. तीन दगडांची चूल मांडायची, तिथंच शिजवायचं, तिथंच झोपायचं."

मी म्हणाले, "बाई गं, हे तर आमी जल्मभर केलं. आमाला वाटलं त्याला ऊसतोड म्हंत्यात."

पोरी हसल्या. मी हसले नाही. मी म्हणाले, "मीबी येते."

सुकेशनी म्हणाली, "पप्पा न्हाई म्हणतील."

मी म्हणाले, "म्हणून तर त्याला इचारायचं न्हाई."

हे वाक्य माझे आहे. ते नातीच्या नावावर लिहू नये.

जाण्याचे कारण विचारल्यावरून सांगते. आमच्या टोळीत आम्ही चौघी जणी जिवाच्या मैत्रिणी होतो. मी, ताडकळसची कडूबाई, चारठाण्याची चांगुणाबाई आणि येलदरीची रेणुका. दसरा झाला की ट्रकात बसायचे आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहायचे. कोपीवर आम्हा चौघींत पाण्याची घागर एकच होती. गावी परतलो की घागरी वेगळ्या व्हायच्या. हे कोणी विचारले नाही, तरी लिहावे. दरवर्षी निघताना चौघी म्हणायचो, एकदा नुसते राहायला कोपी घालू. मुकादमाची हाक नको, मोळी नको, पहाटेचा ट्रक नको. ते कधी झाले नाही. मग कोणाचे गुडघे गेले, कोणाच्या सुना आल्या. यंदा निरोप आला की रेणुकाला तिचा मुलगा कायमचे पुण्याकडे नेणार आहे. तो उद्या सकाळी येणार आहे. म्हणून आज संध्याकाळच्या आत मला येलदरीला पोचायचे आहे, तसा निरोप मी तिला धाडला आहे. सकाळपासून मी हेच सांगत आहे.

निघताना मी घर झाडले, चूल सारवली, चुलीवर परात पालथी घातली आणि कडी लावली. ही आमच्या टोळीतल्या बायांची रीत होती. पालथी परात म्हणजे घरची बाई कामावर गेली, परत येणार, चूल तिचीच आहे. फोन फळीवर ठेवला. तो सोबत नेला असता तर मुलगाच सोबत आल्यासारखे झाले असते.

ताडकळसला त्या दिवशी बाजार होता. कडूबाई कांदे विकत बसली होती. मी टेम्पोतून हाक मारली, "कडे, ऊठ. जायचंय."

ती म्हणाली, "कुठं?"

"ऊस तोडायला."

"या उन्हात? येड लागलं का तुला?"

"तोडायचा न्हाई. नुसतं राहायचंय. रेणकी चालली."

तिने पुढे काही विचारले नाही. कांदे शेजारणीच्या हवाली केले, घरी जाऊन गोधडी घेतली आणि सुनेला म्हणाली, "सत्ती आली. म्या जायले." सून म्हणाली, "जेवून तरी जा." ती म्हणाली, "तिकडं शिजवू." तिला कोणी जबरदस्ती केली नाही. उलट टेम्पोत पुढची जागा तिनेच माझ्याकडून हिसकावली.

ती रात्र कडूबाईच्या शेतात काढली. पोरींनी तंबू उभा केला, त्याला दुपारपासून दिवेलागण झाली. तेवढ्यात वावटळ आली आणि तंबू बांधावरच्या बाभळीत जाऊन बसला. दोघी त्याच्यामागे पळाल्या. कडूबाई म्हणाली, "आगं बघ, पोरींचं घर पळायलंय." मग आम्ही दोघींनी बांधावरच्या तुराट्या आणि दोन जुनी लुगडी घेऊन कोपी घातली. हात विसरले नव्हते. पोरी कोपीतच झोपल्या. तंबू सकाळी काढला. तो फाटलेला आहे, तो मुद्देमालात धरू नये.

दुसऱ्या दिवशी परभणी टाळून, म्हणजे मुलाच्या कचेरीचा रस्ता टाळून, आम्ही चारठाण्याला गेलो. चांगुणाबाई आमच्यात सगळ्यात तगडी होती. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायची तेव्हा गडी बाजूला सरायचे. आता तिचे गुडघे वाकत नाहीत. ती दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली असते. मला बघून ती म्हणाली, "आलीस व्हय? मला वाटलं आधी मीच जाते का काय."

मी म्हणाले, "तुला कोण नेतंय? खुर्चीसकट उचलावं लागतंय."

तर तसेच उचलले. तिचा मुलगा शिवप्रसाद याने स्वतः हात लावला. टेम्पोत चढताना ती ओरडली, "सांभाळा गं, मोळी सुटंल!" शिवप्रसाद मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशे, माय लय दिसांनी हसली." त्यामुळे चांगुणाबाईबद्दल कोणाची तक्रार आलेली नाही.

तिथल्या जुन्या देवळांजवळच्या बारवेच्या काठावर सुकेशनीने आमच्या तिघींचा फोटो काढला. अजून मागे सरा म्हणता म्हणता ती स्वतः मागे सरली आणि तिचा फोन बारवेत पडला. पोरगी वाचली. फोन गाळात गेला. आम्ही मुक्काम केला त्या माळावर ज्ञानेश्वरीच्या फोनला रेंज नव्हती. म्हणून आमच्या मागे गावात काय चालले आहे ते आम्हाला कळले नाही. मुद्दाम लपवले हे खरे नाही. निघताना लपवले ते खरे आहे, ते वर सांगितले.

आज जिंतूर सोडून येलदरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा पोलिसांनी टेम्पो थांबवला. मागे डोकावून एक शिपाई म्हणाला, "यातली हरवलेली कोणती?"

कडूबाई म्हणाली, "तिघीबी हरवलेल्याच हाव बाबा. पण घावायची घाई न्हाई."

टेम्पो ठाण्यात आणला. इथे आल्यावर कळले की माझ्या मुलाने तक्रार दिली आहे. झाले ते असे. मी फोन उचलीना, सुकेशनीचाही लागेना, म्हणून तो गावी आला. चूल सारवलेली, थंड. परात पालथी. फोन फळीवर. शेजारीण गोदूबाई ही ऊसतोडीला कधी गेलेली नाही. ती म्हणाली, "आपल्या मागं घर नीट राहावं म्हणून करून गेली गं बाई." मग सगळे विहिरीकडे पळाले. गळ टाकला. मुलगा स्वतः आत उतरला, त्याला नीट पोहता येत नसताना. विहिरीत मी सापडले नाही. गोदूबाईची तांब्याची कळशी सापडली. ती मी चोरली असे गोदूबाई चार साल गावभर सांगत होती. हे जबाबात यावे अशी माझी विनंती आहे.

त्यानंतर कोणीतरी मला ताडकळसच्या बाजारात टेम्पोत पाहिल्याचे मुलाला सांगितले. त्याने दत्तरावांकडून टेम्पोचा नंबर घेतला. तक्रारीत लिहिले आहे की सदर वृद्ध महिलेस फूस लावून नेले असावे. तर फूस लावली हे बरोबर आहे. ती मी लावली, या दोन पोरींना. ज्ञानेश्वरीचा काही दोष नाही. टेम्पो तिच्या बापाचा आहे, परवा त्याला भाजी भरायची आहे. तो अडकवून ठेवू नये.

मुलगा दुपारी ठाण्यात आला. त्याची प्यांट गुडघ्यापर्यंत चिखलाने वाळलेली होती. कपडे बदलायला तो घरी गेला नसावा. तो माझ्यापुढे बाकावर बसला. मग म्हणाला, "माय, परात पालथी का घातलीस?"

मी म्हणाले, "येणार म्हणून."

तो म्हणाला, "मला वाटलं..."

पुढचे तो बोलला नाही, म्हणून ते लिहिता येत नाही.

मी त्याला म्हणाले, "सिद्धू, तू लहान होतास तवा कोपीतूनच शाळंला गेलास. परातीची रीत तुला ठावं पाहिजे व्हती. तू शिकला म्हणून म्या कोयता ठिवला, तवाच ती सांगायची राहिली. पुढच्या येळी सांगून जाईन. इचारून न्हाई, सांगून."

तो म्हणाला, "आता घरी चल. बीपीची गोळी कालपासून घेतली न्हाईस."

सुकेशनी म्हणाली, "घेतलीय, पप्पा. दोन्ही दिवस मी देली."

हे खरे आहे. पोरगी गोळी देऊन जीभ बाहेर काढायला लावायची, गिळली का म्हणून.

मग मी जमादारांना रेणुकाला फोन लावायला सांगितले. त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला. फोनचा आवाज सगळ्या ठाण्याने ऐकला. रेणुका म्हणाली, "कुठं मेलीस गं? सकाळपासून धरणाच्या वाटंवर बसले."

मी म्हणाले, "पोलीस ठाण्यात हाय."

"आगं माय! कुणाला मारलंस?"

"अजून न्हाई. माझा पोरगा बसलाय समोर, त्याला इचारून सांगते."

ती हसली. मग हसणे थांबवून म्हणाली, "सत्ते, दिवस मावळेपर्यंत बसते. पुढं मला बसू देणार न्हाईत. सकाळी पोरगा येतो."

फोन ठेवला. चांगुणाबाई बाहेर व्हरांड्यात तिच्या खुर्चीत होती, ती तिथूनच ओरडली, "सिद्धोधना! तुला कोपीत पाळण्यात म्या झोपवलं हाय. आता खामखा आडवा येऊ नको."

मोठे साहेब येऊन मुलाला म्हणाले की आई सज्ञान आहे, तिला कुठे जायचे ते तीच ठरवणार. मला वाटते ते त्याला आधीच कळले होते. तो उठून बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिले. तो टेम्पोभोवती फिरला, चाकांना लाथ मारून हवा बघितली आणि ज्ञानेश्वरीला म्हणाला, "पान्याची कॅन भरलीस का? पुढं चढ हाय, सावकाश ने." मग आत येऊन मला म्हणाला, "तिकडं तुराट्या मिळतील का, का इथून न्यायच्या?"

मी म्हणाले, "ने बाबा. पाच-सहा पेंढ्या घे. रेणकीचं घर तसं उघड्यावरच हाय."

तेव्हा तक्रार त्याची त्याने मागे घेतली आहे. तो मोटारसायकलवर आमच्या मागे येत आहे. टेम्पोत जागा आहे, पण चांगुणाबाईच्या खुर्चीला लागून बसायची त्याची तयारी नाही. ती लहानपणीच्या गोष्टी सांगते.

मला कोणी पळवून नेले नाही, डांबून ठेवले नाही, धमकावले नाही. मी माझ्या मर्जीने व राजीखुशीने गेले होते आणि त्याच मर्जीने पुढे जात आहे. तपासासाठी मी लागले तर उद्या दुपारपर्यंत येलदरी धरणाच्या अलीकडे, रेणुकाच्या घराजवळच्या कोपीत मिळेन. रेणुकाचा मुलगा सकाळी तिला न्यायला येईल, त्यालाही आम्ही जेवल्याशिवाय सोडणार नाही. जमादारांची ड्युटी संपली असेल तर त्यांनीही यावे, भाकरी पुरेल.

वरीलप्रमाणे जे सांगितले ते जमादार सुग्रीव घुले यांनी लिहून मला मोठ्याने वाचून दाखवले. व्हरांड्यातल्या दोघींनीही ऐकले व त्या दोन ठिकाणी हसल्या. मी सांगितले तसेच आहे, कमी-जास्त काही नाही. म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा करते. शाई पुसायला चिंधी आणतो म्हणून शिपाई गेला आहे, पण मी थांबत नाही. दिवस कलायलाय आणि रेणुका वाटेवर बसली आहे.

निशाणी डावा अंगठा, सत्यशीला मुंजाजी वाव्हळे
साक्षीदार व पुढील प्रवासात सोबत: सिद्धोधन मुंजाजी वाव्हळे, सही