पोस्ट बॉक्सवर येणाऱ्या गाड्या

बहारीनमधल्या मनामाच्या पोस्टात रांगेत माझ्यापुढे दोघं मराठी बोलत होते. एकाचे केस पिकलेले, नखांत गॅरेजचं काळं. दुसरा तरुण, ऑफिसच्या कपड्यांतला.

“जयभीम, शामराव. तुबलीहून इथवर?”

“जयभीम. हे बघ रुपेश, सुजीतचं कार्ड आलंय. शिकागो. तिथली आगगाडी रस्त्याच्या वरून, खांबांवरून जाते.”

“मुलगा न्यूयॉर्कला होता ना?”

“ते गेल्या साली. तिथली जमिनीखालून धावते, रात्रीपण बंद नसते. मग सॅन फ्रान्सिस्को. तिथं डबा दोरानं चढावर ओढतात.”

“बरंच कळवतो की.”

“तो काही लिहीत नाही. हे सगळं कार्डावर छापलेलं असतं. आमचा क्लार्क वाचून दाखवतो. सुजीत फक्त माझं नाव आणि कंपनीचा पोस्ट बॉक्स घालतो.”

“आणि स्वतःचा पत्ता?”

“भांडून गेलाय तो.”

“मग आज इथं काय काम काढलंत?”

“माझा व्हिसा खलास. गुरुवारी विमान. पुढची कार्डं गावी पाठवा, एवढंच सांगायचंय.”

“बॉक्स कंपनीच्या नावावर असतो, शामराव. पोस्टवाले तुमचं कसं ऐकतील? ऑफिसात सांगा.”

“सांगितलं. गेलेल्या माणसाचं टपाल ठेवत नाही म्हणाले.”

“तुमचा नंबर आला.”

“तू हो पुढं. क्लार्क म्हणत होता, तिकडच्या नावाजलेल्या गाड्यांत आता टोरांटोची ट्राम तेवढी यायची राहिलीय.”