एक काढला त्याची गोष्ट

फ्रान्समधून शिकून आलो, तेव्हा माझा पाय एका जागी ठरत नव्हता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. धरणगावात येऊन आठ दिवस झाले नाहीत, तोच नानांच्या ट्रान्सपोर्टवर मी ड्रायव्हर गोळा केले. म्हटलं, यांना फ्रान्सच्या ग्रां प्रीचा, तिथल्या मोटार शर्यतीचा, इतिहास कळलाच पाहिजे. बाहेर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक उभा होता आणि नाना किल्ल्या खुळखुळवत येरझाऱ्या घालत होते.

"सुरुवातीला ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसायचा," मी सांगितलं. "चाक फुटलं की दोघांनीच उतरून बदलायचं."

"म्हणजे क्लीनर," गुलाब ड्रायव्हर म्हणाला.

"हो. पण पुढे त्याला काढून टाकलं. हीच खरी प्रगती."

नाना एकदम थांबले. "मी तेच म्हणतो. आबा, उद्यापासून तुम्ही घरी."

आबा म्हणजे गुलाबचे क्लीनर, वीस वर्षं त्याच्या गाडीवर. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात धरलं.

गुलाबने शांतपणे विचारलं, "मंग भाऊ, आते शर्यतमा चाके बदलाले कितला मानसे ऱ्हातस?"

"पंधरा-वीस तरी."

"आयकं का नाना? एक काढा आन् पंधरा ठेवात."

नानांनी किल्ल्या गुलाबकडे फेकल्या.

"आबा, बसा गाडीत. आणि जाता जाता या भाऊला घरी सोडा."