हिरडस मावळाची एक जागा

भोर पोलीस ठाणे, ता. १५ जून १९३७.

माझे नाव बयाबाई कोम नाथा ढेबे, वय अंदाजे पस्तीस, जात धनगर, धंदा म्हशी राखणे व लोणी-तूप विकणे, राहणार हिर्डोशीच्या वरचा धनगरवाडा, हिरडस मावळ, संस्थान भोर. नवरा मयत. हवालदारसाहेबांनी समोर बसवून विचारले त्यावरून हकिकत सांगते, ती अशी :

माझा मुलगा बाजी हिर्डोशीच्या मराठी शाळेत शिकला. पावसाळ्यात ओढा भरला की वाड्यावरून खाली उतरता येत नाही. उन्हाळ्यात चारा सरला की आम्ही म्हशी घेऊन घाट उतरून कोकणात जातो. अशा दिवसांत हिर्डोशीचे शेतकरी गेनू सोनबा धामुणसे बाजीला आपल्या घरी ठेवून घेत. त्यांचा मुलगा भिमा व बाजी एकाच वर्गात होते. मी गेनूंना भाऊ म्हणते. नवरा वारला तेव्हा पुढचे सगळे त्यांनीच पाहिले.

भोर येथील इंग्रजी शाळेत मोजकीच मुले घेतात. त्यासाठी परीक्षा होते. यंदा परीक्षेत भिमा व बाजी दोघेही निवडले गेले. हेडमास्तरांनी ओसरीवर उभे राहून नावे वाचली, ती मी ऐकली. शहरातील त्र्यंबकराव वकील यांच्या पुतण्याचे नाव त्यात आले नाही. शहरातील पालकांनी कुरबूर केली. म्हणून हेडमास्तरांनी रविवारी सर्व पालकांना शाळेत बोलाविले.

सभेत बाया मी एकटीच होते. मी दाराशी बसले. वकील खुर्चीवर होते. ते म्हणाले, "डोंगरातली मुलं हुशार नाहीत असं कोण म्हणतो? पण भातलावणी आली की ती घरी जातात, ती दिवाळीलाच उगवतात. तोवर बाक रिकामा. आणि शहरातल्या मुलानं घरी बसायचं?"

गेनू उठून म्हणाले, "सायेब, तुमच्या पोरांना शिकवाया मास्तर घरी येतो. आमच्या पोरांनी गुरं राखून पेपर लिवला. परीक्षा एकच व्हती का न्हाई?"

दोघे-तिघे हसले. ते परीक्षेला हसले की गेनूंच्या बोलण्याला, ते मला कळले नाही.

वकील हसले नाहीत. ते म्हणाले, "कुणावर अन्याय नको. हिरडस मावळाला एक जागा राखून ठेवू. कोणाचा मुलगा, ते त्यांचं त्यांनी ठरवावं." पुष्कळांनी माना डोलावल्या. मी विचारले, "दोघं पास झालीत, तर त्यातला एक नापास कुनी केला?" हेडमास्तर म्हणाले, "सोमवारी घंटेच्या आत पालकानं मुलाला घेऊन यावं. कोणी आलं नाही तर जागा पुढच्याला जाईल."

संध्याकाळी आम्ही चौघे धर्मशाळेत होतो. मी भाकरी भाजत होते. गेनू म्हणाले, "बया, भिमाला जाऊ दे. बाजी आज ना उद्या म्हशींमागंच जायचा. एक शिकला तर दुसऱ्याला वर वढील."

मी म्हणाले, "भाऊ, म्हशींमागं जाऊ नये म्हणून तर त्याला तुमच्या घरी ठिवला व्हता."

ते म्हणाले, "आमच्या घरी व्हता, म्हणूनच तर म्हंतो."

मी भाकऱ्या वाढल्या. मुले जेवली.

सोमवारी सकाळी मला जाग आली तेव्हा गेनू व भिमा जागेवर नव्हते. मी बाजीला घेऊन तशीच शाळेकडे निघाले. गेनू शाळेच्या ओसरीवर हेडमास्तरांशी बोलत होते. ते सांगत होते की, "ही बाई संस्थानातली न्हाई म्हना. उन्हाळाभर कोकणात, इंग्रजांच्या मुलखात असती. तिचा पोर आमच्या मावळाच्या जागंवर कसा बसंल?"

मी उन्हाळ्यात कोकणात असते हे खरे आहे. त्या दिवसांत बाजी कोठे असतो हे गेनूंना ठाऊक आहे. हेडमास्तरांना त्यांनी ते सांगितले नाही.

माझ्या हातात म्हशी हाकण्याची काठी होती. ती मी गेनूंच्या डोक्यात मारली. एकदाच मारली. ते पायरीवर बसले. रक्त डोळ्यांत येत होते. पोलीस शिपाई आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "जरा थांबा, घंटा हुईल." शिपाई थांबला नाही. मला ठाण्यात व त्यांना दवाखान्यात नेले. मुले तेथेच राहिली.

पुढचे मला बाजीने येथे येऊन सांगितले. घंटा झाली. हेडमास्तरांनी दोघांना विचारले, "तुमचं मोठं माणूस कुठं आहे?" बाजी म्हणाला, ठाण्यात. भिमा म्हणाला, दवाखान्यात. हेडमास्तरांनी यादीतले पुढचे नाव वाचले. मग वकील पुतण्याला घेऊन आले. मुलाच्या अंगात नवा सदरा होता असे बाजी म्हणतो.

गेनूंची बायको ठकुबाई आज सकाळी हिर्डोशीहून आली. गेनूंच्या डोक्याला टाके घातले आहेत व जिवाला धोका नाही, हे तिनेच मला सांगितले. जाताना म्हणाली, "आता बाजीला आमच्याकडं धाडू नगंस." मी बरे म्हटले.

मला विचारण्यात आले की, मारण्यास कोणी चिथावले काय. नाही. त्र्यंबकराव वकील मला किंवा गेनूंना वाकडा शब्द बोलले नाहीत. त्यांनी आवाज चढविला नाही. ते खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. काठी मी मारली.

हा मजकूर ठाण्याच्या कारकुनांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात मार "पूर्ववैमनस्यातून" दिला असे लिहिले होते. त्या शब्दाचा अर्थ मी विचारला. पहिल्यापासूनचे वैर, असे त्यांनी सांगितले. तो शब्द मी खोडावयास लावला आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

बयाबाई कोम नाथा ढेबे हिची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.