मधला तुकडा

बस पोरी, आधी बस. किल्ली सापडली ना सांगितल्या जागी? दारापर्यंत जायचं म्हणजे या गुडघ्यांना अर्धी सकाळ लागते, म्हणून येणाऱ्याला फोनवरच सांगते — घे आणि ये आत. कॉलेजातनं आलीस म्हणजे मला वाटलं चष्मा असेल. असो. ते यंत्र चालू झालं? होऊ दे. पण आधीच सांगते, मला गाण्यातलं काही कळत नाही. गाणी बनवून विकणाऱ्यांच्या त्या इमारतीत मी लाद्या पुसायचे. एकोणीस वर्षं. खोलीखोलीत पियानो, प्रत्येकावर वेगळी चाल, आणि मधल्या बोळात सगळ्यांची खिचडी — संध्याकाळी घरी आले तरी कानात चालूच.

काय वाचलंस ते? परत वाच. ‘सत्तेचाळीस सालच्या या गाण्यात हार्गेट यांच्या शैलीला परिपक्वता येते, घरगुती प्रतिमा येतात’ — अगं, मिस्टर हार्गेटला स्वतःच्या घरातली चूल कुठल्या भिंतीला आहे ते ठाऊक नव्हतं. चांदणं, जांभळी फुलं, परत चांदणं, एवढंच यायचं त्याला. भला माणूस, पण चांदणंच.

तर ऐक, त्यांची रीत काय होती. चाल आधी व्हायची. ती मिस्टर लिबकिन बसवायचा. शब्द हार्गेटचे, ते आठ-आठ दिवस यायचे नाहीत. तोवर चाल निसटू नये म्हणून लिबकिन वाट्टेल ते शब्द त्यात कोंबायचा — भरतीचे, मागाहून काढून टाकायचे. स्वतःला सुचले नाहीत की मला हाक. ‘अर्झेलिया, सात ठोक्यांचे शब्द दे.’ मी फडकं पिळता पिळता द्यायचे — कोबी, साबण, दोन रिळं. तो हसायचा आणि तेच गायचा. चार ओळी एका चालीच्या, परत तीच चाल, मग मधला तुकडा वेगळा, मग पुन्हा पहिल्या चालीच्या घरी. मधला तुकडाच अवघड, तिथेच अडायचे सगळे.

आणि या गाण्यात भरतीचे शब्द तसेच राहिले, बस. हार्गेटचा खरा कागद हरवला, गाणारी बाई सकाळी आली, जे होतं ते गायली, तबकडी निघाली. लिही एवढं. संपलं.

— चालीच्या कागदावर, समासात माझं नाव? लिबकिनच्या हातचं? त्यानं लिहून ठेवलं होतं? मला वाचता येत नाही गं. मला काय माहीत.

बघ, क्लीऑन त्या वर्षी शिकागोला गेला होता. माझा नवरा. कत्तलखान्यात काम मिळतंय म्हणून — दोन महिन्यांत बोलावतो म्हणाला. दोन पत्रं आली, ती शेजारच्या मिसेस टॅगर्टनं वाचून दाखवली, धोबीखान्यात, दहा बायकांसमोर. उलट पत्र तिच्याकडून लिहवून घ्यायचं म्हणजे गल्लीत दवंडीच. मग नाही लिहिलं. मग त्याचीही थांबली. आणि एक दिवस लिबकिन मधल्या तुकड्याशी अडला नि म्हणाला, अर्झेलिया, ठोके दे — तर माझ्या तोंडून साबण निघालाच नाही. किल्ली तिसऱ्या पायरीखाली, सूप मागच्या शेगडीवर, अजून कोमट आहे, ये. असं निघालं. लिबकिन हसला नाही त्या दिवशी. दोनदा वाजवलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी हार्गेट आला, दिव्याखाली कागद ठेवला नि म्हणाला, हा घे तुझा मधला तुकडा. दोघं जेवायला गेले. मी — बंद कर ते यंत्र. नको, राहू दे, आता काय. कागद हरवला नव्हता. माझ्या बादलीत गेला. चांदण्याचाच असणार, माझी खात्री आहे. शाई पाण्यात कशी सुटली ते अजून दिसतं मला.

मग काय, रेडिओवर सकाळ-दुपार तेच. न्हाव्याकडे, खाटकाकडे. मी रोज सूप ठेवायचे, वाटाण्याचं, त्याला आवडायचं ते. वसंतात त्याचा मावसभाऊ आला तिकडून. म्हणाला, क्लीऑन मजेत आहे, दाढी करताना तुमच्या न्यूयॉर्कचंच गाणं गुणगुणतो, तो पायरीचा तुकडा फार आवडतो त्याला. मी विचारलं, आवडतो म्हणजे? म्हणाला, आवडतो म्हणजे आवडतो, वहिनी.

बरीच वर्षं मी धरून चालले की ते बोलावणं त्यालाच आहे हे त्याला कळलं नसेल. पण आमची किल्ली तिसऱ्या पायरीखाली असते हे साऱ्या न्यूयॉर्कात किती जणांना ठाऊक होतं? दोघांना.

नाही. माझं नाव नको घालूस. तुला वाटतं माझं भलं होईल, कळतंय मला. पण आत्ता ते बोलावणं कुणाचंही आहे, ज्याला लागेल त्याचं. माझं नाव आलं की ते एका बाईचं होणार, आणि तो आला नाही हेही बरोबर छापून येणार. हार्गेटची परिपक्वताच राहू दे. तेवढा चांदण्याचा कागद मी त्याचा बुडवलाय, त्याच्या बदल्यात एवढं त्याला.

डोळे काय पुसतेस? ऊठ. दमले मी. दार नुसतं ओढून घे. आणि किल्ली — नाही, टेबलावर नको — होती तिथेच ठेव.