उरलेली अर्धी बाटली

...आणि वर मलाच विचारतो, "उद्धवकाका, गुळाचं पाणी तुम्ही दोन्हीकडं सारखंच केलं होतं ना?" अहो, तीस वर्षं कंपनीत स्टोअर सांभाळलं मी, एक नट इकडचा तिकडं झाला नाही, आणि ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं तो रणजीत मला गुळाचा हिशोब विचारतो! सारखंच होतं. अर्ध्या लिटरला पन्नास ग्रॅम, दोन पातेली, दोन्ही उकळून गार केलेली, दोन्हीतलं बोटानं चाटून बघितलेलं. तुम्हाला सांगतो, दोष गुळाचा नव्हताच. दोष असलाच तर त्या एका वाक्याचा, जे आमच्या सोपानरावांनी जूनपासून अख्ख्या चऱ्होलीला ऐकवून ऐकवून कान किटवले... "जिवंत हाय ते."

काय जिवंत? सांगतो ना. सोपानराव म्हणजे माझे शाळेपासूनचे दोस्त. चार एकराचे मालक होते. तीन एकरावर आता सोसायटी उभी आहे, बारा मजली, नाव 'हरित शिवार', आणि शिवार म्हणाल तर गेटवर रंगवलेलं. उरला एक एकर, सोसायटीच्या भिंतीला लागून. त्यात हे दरवर्षी सोयाबीन करतात आणि दरवर्षी सहा क्विंटलवर गाडी अडते. मुलगा रणजीत चाकणला कंपनीत क्वालिटीत आहे. पोरगा गुणी हो, निर्व्यसनी, आईबापाला धरून आहे, पण क्वालिटीत आहे. घरात भाकरी गोल झाली नाही तर कारण विचारतो. तो म्हणाला, "बाबा, सहा क्विंटलसाठी किती मरमर करता? तो ट्रान्सपोर्टवाला विक्की कंटेनर यार्डाला जागा मागतोय. खडी टाकू, रोलर फिरवू, विषय संपवू." आता ज्या मातीत आपण बैलामागं पळालो तिच्यावर खडी म्हटल्यावर सोपानराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेतकरी मेळाव्याला गेले आणि येताना छत्री उघडून आले.

पाऊस नव्हता बरं का. रणरणतं ऊन. छत्री डोक्यावर असावी ना? छत्री होती पिशवीवर. डोकं भाजत होतं, पिशवी सावलीत. मी म्हटलं, "सोपानराव, ठीक आहे ना सगळं?" तर पिशवीतनं एक बाटली काढली, पाव लिटरची, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जिवाणू हाईत. बियाण्याला लावायचं, मुळावर गाठी धरत्यात, हवेतलं नत्र वढून पिकाला देत्यात. ऊन लागलं तर मरत्यात. हळू बोला. जिवंत हाय ते."

घरी आल्यावर बाटली फ्रिजमध्ये. सावित्रीवहिनींनी दार उघडलं. "हे कसलं औषध?" सोपानराव म्हणाले, "औषध न्हाई, जिवंत हाय ते." वहिनी म्हणाल्या, "माझ्या फ्रिजात जिवंत काही चालणार नाही, दह्याशेजारी तर मुळीच नाही." आता दही काय मेलेलं असतं का? पण हे बोलायची ना त्यांची छाती ना माझी. बाटली माझ्या घरी आली. माझ्या फ्रिजमध्ये, माझ्या इन्सुलिनशेजारी, आणि सोपानराव रोज सकाळी चहाच्या निमित्तानं येऊन दार उघडून बघायचे, सुखरूप आहेत का म्हणून.

रणजीतला हे कळलं. मला वाटलं हसेल. हसला नाही, कागद घेऊन बसला! "बाबा, जिवाणूंनी उत्पन्न वाढतं म्हणता ना? मग सिद्ध करू. गेल्या वर्षीशी तुलना चालणार नाही, पाऊस वेगळा, हवा वेगळी. एकच वर्ष, एकच माती. अर्ध्या एकराला जिवाणू, अर्ध्याला नाही. बाकी सगळं सेम टू सेम. जिवाणूवालं अर्धं एक क्विंटल जास्त निघालं तर यार्डाचं नाव काढणार नाही, जन्मात नाही. नाही निघालं तर दसऱ्याला खडी." सोपानराव म्हणाले, "दिला शब्द." आणि सेम टू सेम म्हणजे किती सेम? जिवाणू चिकटायला गुळाचं पाणी लागतं, तर बिनजिवाणूच्या बियाण्यालासुद्धा गुळाचं पाणी! याला जिवाणू नाहीत, मग गूळ कुणासाठी? "काका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची." बरं बाबा. म्हणून दोन पातेली. म्हणून मी.

पेरणीचा दिवस उजाडला. ट्रॅक्टर चारला येणार. त्याआधी बियाणं चोळून, सावलीत वाळवून तयार पाहिजे. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा आम्हाला कळलं की चऱ्होलीत सगळं मिळतं, सावली मिळत नाही. बांधावरचं आंब्याचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. गच्चीवर ऊन. घरात वहिनी, "गुळाच्या मुंग्या कोण झाडणार?" अख्ख्या गावात गार, मोकळी, ऐसपैस सावली कुठं? हरित शिवारच्या पार्किंगमध्ये! स्वतः विकलेल्या जमिनीवर सोपानराव दोन घमेली बियाणं घेऊन सावली मागायला उभे. काय म्हणायचं याला?

पण गेटवर कोंडीराम होता. वॉचमन, पन्नाशीचा, लातूरकडचा. तिकडं सोयाबीनच सोयाबीन, त्यामुळं बियाणं बघितल्यावर गड्याचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा झाला. "या की ओ काका, पाहुण्यांच्या गाड्या लावायची जागा रिकामीच हाय." दोन ताडपत्र्या अंथरल्या. एकीवर तेरा किलो, दुसरीवर तेरा किलो. दोन्हीला गुळाचं पाणी. मग सोपानरावांनी बाटली उघडली, निम्मी एका ढिगावर ओतली आणि चोळायला बसले, इतक्या हलक्या हातानं की नातवाला तेल लावताना मी त्यांना तसं बघितलं नाही. सोयाबीनचं साल नाजूक असतं ना, जोर लावला की सुटतं. कोंडीराम म्हणाला, "आन् उरलेली बाटली, काका?" सोपानरावांनी सुस्कारा सोडला. "एकदा उघडल्याव टिकत न्हाई ती. वाया जानार बघ. वाईट वाटतंय रं. जिवंत हाय ते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, तिथंच चुकलो.

तेवढ्यात वरून हाक. चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी 'जिवंत' ऐकलं, खाली ताडपत्रीवर काहीतरी चिकट बघितलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की पार्किंगमध्ये दोन म्हातारे बॅक्टेरिया वाळवतायत! पाच मिनिटांत सेक्रेटरी मिनलताईंनी ऑफिसात बोलावलं. एसी लावलेला. "काका, आय रिस्पेक्ट फार्मर्स, पण बॅक्टेरिया? लहान मुलं खेळतात इथे." आणि सोपानराव सुरू झाले. गाठी, नत्र, मुळं, हवा... हात वर, हात खाली, डोळे मोठे, अहो आमच्या सातवीच्या गुरुजींनी इतकं जीव तोडून कधी शिकवलं नाही. "ताई, रोग करनारं न्हवंत हे, पोट भरनारं हाय. तुमच्या दह्यात न्हाई का?" चाळीस मिनिटं! शेवटी मिनलताई म्हणाल्या, "अय्या, मग माझ्या कुंड्यांना मिळेल का थोडंसं?" सोपानराव इतके खूश झाले, म्हणाले, "निम्मी बाटली उरलीय, सगळी घ्या." वाया जात नाही म्हटल्यावर जिना उतरताना गुणगुणत होते हो.

खाली आलो तर कोंडीरामनं सगळं आवरलेलं. बियाणं सुकवून दोन पोत्यांत भरलेलं, रणजीतनं दिलेल्या चिठ्ठ्या आम्ही ज्या त्या ताडपत्रीवर ठेवल्या होत्या तशाच पोत्यांना लावलेल्या, हिरवी जिवाणूला, पिवळी साध्याला. आणि बाटली? "कामी आली काका," म्हणाला, लाजून. गेटपाशी रंगाच्या डब्यांत कोथिंबीर लावलेली आहे त्यानं. सोपानरावांनी कोथिंबिरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "जाऊ द्या, गरिबाच्या कोथिंबिरीला लागली." मिनलताईंना काय सांगायचं, तर पुढच्या वर्षी. चारला ट्रॅक्टर आला, हिरवी चिठ्ठी डाव्या अंगाला, पिवळी उजव्या, मध्ये रणजीतनं स्वतः खुंट्या ठोकून दोरी बांधली.

आणि पीक आलं राव! काय आलं! महिन्याभरात काळंभोर हिरवं. सोपानरावांनी डाव्या बाजूचं एक रोप अलगद उपटलं, मुळं धुतली, तर गाठीच गाठी, नखानं फोडली तर आत गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. सत्तरीचा माणूस बांधावर उड्या मारायचा बाकी होता. ते रोप घेऊन चार घरं फिरले. भाजीवाल्याला दाखवलं, रिक्षावाल्याला दाखवलं. मग म्हणाले, चला, आता उजवीकडचं उपटू, फरक बघू.

उपटलं. गाठीच गाठी. गुलाबी.

तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं, तेच. "उद्धवराव," म्हणाले, "दोरी वलांडून गेलं का हो?" मी म्हटलं, "दोन महिने एका लिफ्टमधली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत तिथं, तुमचे जिवाणू बरे एका महिन्यात शेजारी राहायला जातील." हसले नाहीत. त्या दिवसापासून हा माणूस रोज बांधावर बसायचा आणि स्वतःच्या अर्ध्या पिकाकडं रागानं बघायचा. पीक चांगलं आलं म्हणून रडणारा शेतकरी मी जन्मात पहिल्यांदा बघितला. वहिनी म्हणायच्या, "देव देतोय ते घ्या की." हे म्हणायचे, "उजवीकडं कशाला देतोय?"

दसऱ्याच्या तोंडावर मळणी झाली. रणजीतनं कंपनीतल्या मित्राकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला, रिकामी पोती आधी तोलली, कारण पोत्याचं वजन धरायचं नाही ना. डावं अर्धं... चार क्विंटल नव्वद किलो. उजवं अर्धं... चार क्विंटल ब्याण्णव. बिनजिवाणूचं दोन किलो जास्त! एकरात जवळपास दहा क्विंटल, जिथं सहाच्या वर जात नव्हतं, आणि सोपानराव हरले! मी म्हटलं, "अरे रणजीत, दहा आलं की रे, दहा!" तर तो कागदावर बघत म्हणाला, "काका, पाऊस यंदा चांगला होता. फरक शून्य. उणे दोन." पण बापाकडं बघत नव्हता. सोपानराव पोत्यावर बसले, मूठभर सोयाबीन हातात घेतलं आणि म्हणाले, "शब्द दिलाय. आन खडी." एवढंच.

आणि तेव्हा कोंडीराम आला. ड्युटी संपवून, मळणी बघायला. दोन ढीग बघून टाळीच वाजवली. "बगा काका, म्हनलं नव्हतं का, कामी आली बाटली!" रणजीत म्हणाला, "कुठली बाटली?"

"अवो, ती उरलेली. काकांनी एकाच ढिगाला लावली, दुसऱ्याला लावायची इसरले. मला वाटलं, म्हातारं मानूस, वरून बोलावनं आलं, गडबडीत राहिलं. आन् काकाच म्हनले, वाया जानार, जिवंत हाय ते. माझ्यानं राहवंना. लावली की मी दुसऱ्याला, हलक्या हातानं, एक साल सुटू दिलं नाही."

तुम्हाला सांगतो, काट्यावरचा आकडासुद्धा हलायचा थांबला. सोपानरावांनी कोंडीरामकडं असं बघितलं, मला वाटलं आता मारतात नाहीतर पाया पडतात. रणजीतनं डोक्याला हात लावला. मग हळूहळू म्हणाला, "म्हणजे साधा लॉटच नव्हता. तुलनाच झाली नाही. ही ट्रायल बाद." मी म्हटलं, "बाद म्हणजे? खडी?" तो म्हणाला, "बाद म्हणजे निर्णय नाही. निकालाशिवाय मी निर्णय घेत नाही. पुढच्या जूनला परत करायची, अर्धं-अर्धं. विक्कीला सांगतो, थांब म्हणून." आणि मग, कंपनीतला तो कडक माणूस, बापाच्या खांद्यावर हात ठेवून हसला.

मी वहिनींना सांगायला निघालो. मागं वळून बघितलं तर सोपानराव कोंडीरामच्या पिशवीत सोयाबीन ओतत होते, चांगलं पाच किलो, आणि त्याच्या कानाशी लागले होते. वयानं कान गेलेत, पण हे ऐकू आलं मला. "कोंडीराम, पुढच्या वर्षी बी बाटली तुझ्याच फुडं उघडनार. निम्मीच लावनार. निम्मी उरनार. वाया घालवू नगंस बाबा... जिवंत हाय ते."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्धवराव, गूळ आत्ताच घेऊन ठेवा, जूनला महागतो." म्हणजे झालं. रणजीत रिटायर होईस्तोवर ही ट्रायल चालणार, दरवर्षी बाद होणार, आणि दरवर्षी काट्यापाशी उभा राहून तो मलाच विचारणार, काका, गुळाचं पाणी दोन्हीकडं सारखंच केलं होतं ना... केलं होतं रे बाबा. सारखंच केलं होतं.