बुधवारची भेट

मार्गळी महिन्यातली गार सकाळ होती. कुंभकोणमच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नंबर येईपर्यंत दोघं हळू आवाजात मराठीत बोलत होती.

"खोकला कसा आहे, अंबुजा?"

"गेला. वृद्धाश्रमात आम्हां बायकांना रोज मिऱ्याचं रसम देतात. तुमचे गुडघे?"

"दुखतात. पुरुषांच्या दालनात वारा फार येतो."

"मफलर कानांवरून घ्यावा. बांधूं मी?"

"बांध. तिथे कोण बांधणार? आपल्या पंगतीसुद्धा वेगळ्या."

"माणसं बघतात हो."

"बघूं देत. डॉक्टरांना खोकला गेला म्हणालीस, तर पुढच्या बुधवारी आश्रमाच्या घोडागाडीत तुला घेणार नाहीत."

"मग खोटं बोलूं?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

तिला आत बोलावलं. थोड्या वेळाने ती बाहेर येऊन पुन्हा त्याच्याजवळ बसली.

"काय सांगितलंस?"

"खरं तेच. खोकला नाही, पण इथे आलं की यजमानांजवळ बसायला मिळतं, म्हटलं."

"डॉक्टर हसले असतील."

"नाही हसले. दर बुधवारी तपासायला या, म्हणाले. तुमच्याबरोबर."

म्हाताऱ्याने मफलरच्या गाठीवरून हात फिरवला.

"बुधवार फार लांब असतो, अंबुजा."